बेसूर ओळ

१

कोणीतरी आमच्या बँडच्या पोरीची अब्रू चव्हाट्यावर मांडली होती, आणि मला ते कळलं एका शिकाऊ काकांकडून. भर चौकात, गाडी बंद पडलेली असताना.

मी पोटापाण्यासाठी गाडी चालवायला शिकवते. माझ्या बाजूला जास्तीचा ब्रेक असतो आणि डोक्यात जास्तीचा राग. काका क्लच दाबायचं विसरले, मागून हॉर्न सुरू झाले, आणि अशा वेळी या गृहस्थांनी खिशातून फोन काढला.

"ताई, हा तुमचाच बँड ना? सकाळपासून सगळीकडे फिरतंय."

फोनवर आमच्या नव्या गायिकेचा फोटो होता. वर लिहिलं होतं, 'हिच्यासाठी बसवलं का थोरल्याला घरी?' आणि खाली आवाज. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं, त्याचा मुखडा, बाईचा आवाज, आणि इतका बेसूर की मी नकळत माझा ब्रेक दाबला. गाडी बंदच होती, तरी दाबला. वरच्या पट्टीत तर तो आवाज फुटला, चिरकला आणि तिथेच पडला. खाली हजारो लोक हसत होते.

"काका, उतरा," मी म्हटलं. "आज शिकवणी इथेच संपली."

आमचा बँड फंकवाला. ज्यांना फंक माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की या संगीतात सगळे मिळून पहिल्या ठोक्यावर जोरात पडतात आणि ऐकणाऱ्याला खुर्चीत बसवत नाही. जवान होतो तेव्हापासून आम्ही एकत्र वाजवतोय. मी ड्रमवर. ट्रम्पेटवर भोंगा, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. कीबोर्डवर मास्तर, शाळेत संगीत शिकवतात म्हणून मास्तर. आणि दोघे भाऊ: गाणारा थोरला आणि बास गिटार वाजवणारा धाकटा.

गेल्या वर्षी थोरल्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि बँडचा आवाजच गेला. आम्ही सगळे घरी बसलो. मग धाकट्यानेच एक दिवस ही पोरगी आणली. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसायची, लोकांचे कोट देता देता गुणगुणायची. दादा बरा होईपर्यंत चालवू, म्हणाला. पोरीने पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि मास्तर कीबोर्ड वाजवायचे थांबले. बस्स, त्यानंतर 'बरा होईपर्यंत' हे शब्द कोणी काढले नाहीत.

शनिवारी नाट्यगृहात आमचा पुनरागमनाचा कार्यक्रम होता. गाडी सरावाच्या हॉलच्या दिशेने वळवली तोच आयोजक बाईंचा फोन आला.

"संध्याकाळी तुमच्या सरावाच्या हॉलवर येते," बाई म्हणाल्या. "थोरला गाणार असेल तर कार्यक्रम होईल. ती मुलगी गाणार असेल तर रद्द. आणि रद्द झाला तर परत मला फोन करू नका."

२

सरावाचा हॉल म्हणजे टायरच्या दुकानाखालचं तळघर. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, रबराचा वास कायमचा. मी पोहोचले तेव्हा आत भांडण रंगात आलं होतं.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," भोंगा म्हणत होता. "ही नवी आहे, कच्ची आहे. पण माझं ऐकतो कोण इथे."

पोरगी माईकच्या स्टँडजवळ उभी होती. डोळे लाल, पण आवाज स्थिर. "हा माझा आवाज नाही."

"स्वतःचा आवाज फोनवर ऐकला की प्रत्येकाला असंच वाटतं," भोंगा म्हणाला. "मलाही माझं बोलणं फोनवर बोकडासारखं वाटतं."

"बोकडाला कमी लेखू नकोस," मी म्हटलं. "आणि तू गप बस. आधी ते परत लाव."

भोंग्याने त्याच्या फोनवर क्लिप लावली. आवाज आला, चिरकला, पडला. मागे कसला तरी खुळखुळाट. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा आवाज ज्याचा कोणाचा असेल," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "त्याने आयुष्यात परत गाण्यासाठी तोंड उघडू नये. कान आहेत की भोकं? सुराच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. हिला गायला कोणी सांगितलं होतं?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि ती जिना चढून वर निघून गेली. मला वाटलं, झालं, सापडली. कबूल करायची लाज वाटते म्हणून पळाली. खरं सांगते, त्या क्षणी तिच्यावरचा माझाही विश्वास डळमळला, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

"ठीक आहे," मी बाकीच्यांकडे वळले. "वाईट गायली असेल. माणूस आहे, एखाद्या दिवशी घसा बसतो. पण ते चोरून टिपणारा आणि गावभर वाटणारा या खोलीतलाच आहे."

"कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"तो मागचा खुळखुळाट ऐकलात? माझ्या स्नेअर ड्रमच्या पोटाखालची एक तार सैल आहे. कधीची बदलायची म्हणतेय. जगात दुसरा कुठला स्नेअर असा खुळखुळत नाही. म्हणजे हे इथेच टिपलंय. आणि इथे आपल्याशिवाय कोणी येत नाही."

भोंगा जिन्याकडे सरकला.

"कोणी घरी जाणार नाही," मी म्हटलं. "भोंग्या, आधी तू."

३

भोंगा उलट्या खुर्चीवर बसला आणि माझ्याआधीच सुरू झाला.

"मला ती आवडत नाही. तोंडावर सांगितलंय तिला. थोरल्याच्या जागेवर उभी राहते आणि माझ्या ट्रम्पेटवर गाते, माझा तुकडा संपू देत नाही. पण ताई, मी माणसाला पाठीमागून कधी मारलंय का? मी क्लिप टाकली असती तर खाली माझं नाव घालून टाकली असती."

हे मात्र खरं होतं. भोंग्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्याने माझ्या लग्नाच्या दिवशी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं की तुझं नशीब फुटलं.

मास्तरांची पाळी आली तेव्हा ते चष्मा पुसत बसले. फार वेळ पुसत बसले.

"मास्तर, गेल्या आठवड्यात तुम्ही आयोजक बाईंना एकटे भेटलात," मी म्हटलं. "माझा एक विद्यार्थी त्यांच्या ऑफिसात शिपाई आहे. काय काम होतं?"

"ते... खाजगी होतं."

"आज खाजगी काही नाही. तुम्हाला थोरला परत हवाय, हो की नाही?"

"थोरला कोणाला नकोय?" मास्तर पहिल्यांदा चिडले. "पण मी त्या पोरीसाठी गेलो होतो. पोस्टरवर तिचं नाव इतकं बारीक छापलं होतं की भिंगातून वाचावं लागेल. ते मोठं करा म्हणून भांडलो. हवं तर बाईंना विचार. आणि हे बाहेर बोलू नकोस, भोंगा माझी टर उडवेल."

मला ओशाळल्यासारखं झालं. पण ओशाळायला वेळ नव्हता.

धाकट्याने सगळ्यांसाठी चहा मागवला होता. तो असाच. भांडण पेटलं की चहा मागवतो, वायरी गुंडाळतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"ताई, मी काय बोलणार?" तो म्हणाला. "मीच तिला आणलं. माझीच नाचक्की आहे यात."

"कोणावर संशय?"

"कोणावर नाही. जे झालं ते झालं." त्याने माझ्या हातात कप दिला. "आता कार्यक्रम वाचवायचा. दादाला विचारू या का? एकच कार्यक्रम. तो आता बरा आहे, ताई. बोलतो व्यवस्थित. थांब, मी फोनच लावतो." त्याने नेहमीप्रमाणे बासच्या अँपवर, त्या स्पीकरच्या खोक्यावर, ठेवलेला फोन उचलला.

"नको," मी म्हटलं. "मी स्वतः जाते. मला त्याच्या तोंडाकडे बघून विचारायचंय."

धाकट्याचा हात फोनवर थबकला. "तो झोपलेला असेल."

"मग उठवीन."

वर रस्त्यावर पोरगी टायरच्या ढिगावर बसली होती. माझ्याकडे बघून उभी राहिली.

"ताई, मी घरी जाऊ का?"

"का, पळायचंय?"

"नाही." तिने ओठ चावला. "इथे बसून काय करू ते कळत नाही म्हणून."

"बस इथेच," मी म्हटलं. चांगलं काही बोलायला हवं होतं. सुचलं नाही.

४

थोरल्याच्या घरी वहिनींनी दार उघडलं. माझा चेहरा बघून त्यांनी नुसता हात आतल्या खोलीकडे केला.

थोरला खिडकीशी बसला होता. गळ्याभोवती मफलर. एके काळी हा माणूस माईकशिवाय शेवटच्या रांगेला हलवायचा. आता त्याच्या आवाजात नुसती खरखर उरली होती, कान देऊन ऐकावी लागायची.

"ऐकलंस?" मी विचारलं.

त्याने मान हलवली.

"धाकटा म्हणतो तू बरा आहेस. शनिवारी गाशील."

थोरला हसला, आणि हसता हसता खोकला. वहिनींनी पाण्याचा ग्लास दिला. तो एक एक घोट घेत राहिला, प्रत्येक घोटाला डोळे मिटून. ते बघवत नव्हतं.

"पाणी जात नाही धड," वहिनी म्हणाल्या. "गायचं कुठलं? भाऊजींना किती वेळा सांगितलं. रोज येतात, समोर बसतात, दादा तू गाशील म्हणतात. यांनी नाही म्हटलं की ऐकूच येत नाही त्यांना. आजही सकाळी फोन, तयार राहा म्हणून."

"सकाळी?" मी म्हटलं. "बाईंचा फोन मला दुपारी आला."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. थोरल्याने ग्लास खाली ठेवला आणि मला जवळ बोलावलं.

"कशावर ऐकलंस?"

"फोनवर. सगळ्यांनी फोनवरच ऐकलं."

"एवढी वर्षं वाजवतेस," तो खरखरला, "आणि गाणं फोनवर ऐकून न्याय करतेस? मोठ्या स्पीकरवर ऐक." खोलीच्या कोपऱ्यात त्याचे दोन जुने लाकडी स्पीकर होते. त्यांच्यावरचं कापड बाजूला केलेलं होतं. म्हणजे त्याने ऐकलं होतं.

"काय आहे त्यात?"

"मी सांगणार नाही. मला सांगवणार नाही." त्याने माझं मनगट धरलं. "गाणारा कोण ते नंतर बघ. आधी वाजवणारा कोण ते बघ."

५

हॉलवर परत आले तेव्हा तिघे समोरच्या टपरीवर गेले होते. बरं झालं. मी माझा फोन हॉलच्या मोठ्या स्पीकरांना जोडला आणि क्लिप लावली.

पहिली गोष्ट, बास. फोनवर ज्याचा पत्ताच नव्हता तो बास पोटात येऊन बसला. फोनच्या टिचभर स्पीकरमधून खालचे सूर ऐकूच येत नाहीत, हे मी सगळ्यांना सांगत आले, आणि माझ्याच डोक्यात आलं नाही. बास आवाजाच्याही पुढे होता, अगदी जवळ. ट्रम्पेट नाही. कीबोर्ड नाही. ज्या फोनने हे टिपलं तो बासच्या अँपवर पडलेला होता. आणि बासच्या अँपवर फोन ठेवून रोजचा सराव कोण टिपतं, हे या बँडमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

धाकटा. बास वाजवणारा माणूस बास विसरला.

मी परत लावली. दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, कारण ती नसलेली गोष्ट होती. स्नेअरवर दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे मी काठीने हलकेच कुजबुजल्यासारखे ठोके सोडते. ती माझी सवय आहे, झोपेत वाजवलं तरी ते येणारच. क्लिपमध्ये ते नव्हते. साधा, सरळ, जपून वाजवलेला ठेका. पहिला ठोका मात्र जोरात, जरा जास्तच जोरात. जसा मी कोणाला तरी शिकवला होता.

ड्रमवर मी नव्हतेच.

आणि मग मला आठवलं. सुरुवातीच्या दिवसांतली एक दुपार. भोंगा आणि मास्तर यायचे होते. पोरगी मुखड्याला आत शिरताना सारखी आधी शिरत होती. तोंडाने सांगून कळेना, म्हणून मी तिला माझ्या स्टुलावर बसवलं, हातात काठ्या दिल्या, आणि पहिला ठोका कुठे पडतो ते तिच्याच हाताने वाजवून घेतलं. धाकटा साथीला बास वाजवत होता. आणि मुखडा? पोरगी ड्रमवर असताना मुखडा कोण म्हणत होतं?

शाळेत बाईंनी मला समूहगीतातून बाजूला काढून, तू नुसते ओठ हलव असं सांगितलं होतं. तेव्हापासून मी कधी गायले नाही. ती एक ओळ सोडून.

क्लिप तिसऱ्यांदा लावली आणि माझा स्वतःचा आवाज त्या मोठ्या स्पीकरमधून चिरकताना ऐकला. ड्रमवाल्याच्या तोंडासमोर माईक नसतो. मी तो आवाज याआधी बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.

मागे जिन्यावर पोरगी उभी होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? तुझं सगळं बुडतंय यात. दुकानाची नोकरी सोडून बसलीस ना?"

"सांगणारच होते, ताई. पण तुम्ही त्या आवाजाला सगळ्यांसमोर काय काय बोललात. कान आहेत की भोकं, म्हणालात." तिने डोळे पुसले. "त्यानंतर कसं सांगू, की तो तुमचाच आहे?"

मला स्वतःचे कान उपटावेसे वाटले. आणि धाकट्याचा जीव घ्यावासा वाटला. ते दुसरं जास्त.

वर टायरच्या दुकानासमोर आयोजक बाईंची गाडी येऊन थांबली.

६

बाई गाद्यांना पाठ टेकू न देता उभ्या राहिल्या. बाकीचे आपापल्या वाद्यांजवळ.

"बोला. थोरला गाणार?"

"दादाशी बोलणं झालंय," धाकटा म्हणाला. "तो..."

"तो गाणार नाही," मी म्हटलं. "त्याला पाणी गिळता येत नाही. मी बघून आलेय. बाई, निकाल देण्याआधी एक ओळ ऐका. पोरी, माझ्या स्टुलावर बस. घे काठ्या. त्या दिवशीसारखं वाजव. भोंग्या, मास्तर, हात खाली." मग मी वळले. "धाकट्या, तू बास घे. त्या दिवशी जे वाजवलंस तेच."

"कुठल्या दिवशी?"

"घे बास."

पोरीने ठेका धरला. साधा, जपून, पहिला ठोका जोरात. स्नेअर खुळखुळला. धाकट्याची बोटं तारांवर होती, पण हलत नव्हती. मी माईकसमोर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. बाई बघत होत्या, भोंगा बघत होता. मी डोळे मिटले आणि गायले.

वरच्या पट्टीत माझा आवाज फुटला, चिरकला आणि तिथेच पडला.

भोंगा खो खो हसला. मग एकदम थांबला. "अरे," तो म्हणाला. "अरे देवा. हा तर..."

"हो, माझा आहे," मी म्हटलं. "क्लिपमधली बाई मी. ड्रमवर ही होती. खोलीत तिसरा एकच माणूस होता. सगळे आपण फोनवर ऐकत बसलो, म्हणून त्याचा बास कोणाला ऐकू आला नाही. आणि आज मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, कोणावर संशय नाही, आणि माझ्या हातात चहा दिला. बाईंचा फोन यायच्या आधी, सकाळीच, तो भावाला तयार राहा म्हणून सांगून मोकळा झाला होता."

धाकट्याने बास गळ्यातून काढला नाही. तो त्याच्यामागे लपल्यासारखा उभा होता.

"दादा दिवसभर खिडकीत बसतो," तो म्हणाला. आवाज हळू होता, पण मी त्याला इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "तुम्ही येता का कोणी? महिनेच्या महिने कोणी फिरकत नाही. मी हिला आणलं ती दादाची जागा राखायला. आणि तुम्ही सगळे तिच्यावर लट्टू. दादाचं नावसुद्धा कोणी काढेना. मला वाटलं, ही पडली की तुम्हाला त्याची आठवण होईल."

"मग माझ्या तोंडावर यायचं होतंस," मी ओरडले. "शिव्या द्यायच्या होत्यास. आम्ही गेलो नाही, चुकलं, त्याबद्दल मार मला. या पोरीने तुझं काय घोडं मारलं होतं? तू तिला कोटांच्या काउंटरवरून उचलून आणलंस, आणि तिचाच फोटो लावून माझा घाण आवाज तिच्या गळ्यात बांधलास."

धाकट्याची मान खाली गेली.

बाईंनी घसा साफ केला. "हे मला पटलं. लोकांना कोण पटवणार?"

"हाच," मी म्हटलं. "जिथून ती क्लिप टाकली तिथूनच. आत्ता. मी परत गाते, चेहऱ्यासकट. खाली हा स्वतः लिहील, आवाज कोणाचा आणि खोटं कोणाचं."

"आणि शनिवारी बास कोण वाजवणार?" भोंग्याने विचारलं. "हा नको. हाकला याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पोरीकडे बघितलं. निकाल तिचा होता. ती माझ्या स्टुलावरून उठली, काठ्या नीट खाली ठेवल्या आणि माईकपाशी आली.

"यांचा बास मला हवाय," ती म्हणाली. "यांच्याइतका चांगला कोणी नाही. पण माझ्या मागे नाही. इथे, शेजारी. मला यांचे हात दिसले पाहिजेत."

धाकटा जागचा हलेना. तिने बोटाने जागा दाखवली आणि तशीच दाखवत उभी राहिली. शेवटी तो आला. फरशीवर वायर ओढत, तिच्या शेजारी, त्या माईकपाशी, जिथे इतकी वर्षं त्याचा भाऊ उभा राहायचा.

"आणि पहिल्या रांगेत थोरल्यांना बसवा," ती बाईंना म्हणाली. "आणायला ताई जातील. त्यांना गाडी येते."

भोंग्याने गुपचूप ट्रम्पेट उचलला. मास्तरांनी चष्मा चढवला. माझ्या डोक्यातली आग अजून विझली नव्हती, आणि शनिवारपर्यंत ती विझू द्यायचा माझा विचारही नव्हता. पोरीने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

मी तोंड बंद ठेवलं आणि पहिला ठोका दिला.